मागच्या जन्मी आपण कोण होतो, हे खरंच कळतं का?

वर्षा_धरमपेठ
नमस्कार मंडळी. हसायचं तर हसा, पण मग नीट उत्तरही द्या.

माझी वहिनी बँकेत आहे, चांगली शिकलेली. तिची पाठ वर्षानुवर्षं दुखते, एमआरआयमध्ये काही निघत नाही. कुणीतरी सुचवलं म्हणून ती ‘पास्ट लाइफ रिग्रेशन’ करणाऱ्या एका बाईंकडे जाऊन आली. डोळे मिटून पडायचं, त्या बोलत राहतात आणि आपण मागे मागे जायचं. वहिनीला दिसलं की ती भोसल्यांच्या वाड्यात राणीची दासी होती आणि पाण्याच्या घागरी वाहून तिची पाठ गेली. इथवर ठीक. पण ती राणी कोण, तर म्हणे आमची आई! म्हणजे तिची सासू. आता आईनं ‘चहा टाक गं जरा’ म्हटलं की वहिनी माझ्याकडे बघून गालात हसते.

आईला यातलं काही माहीत नाही. दादा म्हणतो, सोडून दे. मला मात्र उत्सुकता लागली आहे. असं कळण्याचा काही मार्ग असतो का? नाडी, पत्रिका, ध्यान, संमोहन, कुणी काही करून पाहिलंय का? आणि कळलं तर पुढे काय करायचं?

भाऊ_महालकर
काऊन बाप्पा, सगळ्यायले राजवाडाच काऊन दिसते? आमच्या महालात जो-तो मागच्या जन्मी सरदार होता. रघुजी राजांच्या फौजेत घोड्याची लीद काढणारे कुठी गेले मंग? त्यायले पुनर्जन्म भेटला नाही का?

तुमची वहिनी दासी तरी निघाली. प्रामाणिक बाई आहे, मले आवडली.

पोह्यावर_तर्री
मी मागच्या जन्मी नक्की उंट होतो. मे महिन्यात दुपारी दोन वाजता सीताबर्डीवर खरेदीला जातो आणि मला काही होत नाही.

मनोविकार_वैद्य
वर्षाताई, मी याच क्षेत्रातला आहे, नागपुरातच प्रॅक्टिस करतो. वहिनींना खोटारडं अजिबात समजू नका. संमोहनात माणसाला जे दिसतं ते त्याला खरंच दिसतं. फक्त ती आठवण असेलच असं नाही.

या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण १९५२ सालचं. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या प्वेब्लो गावात एका हौशी संमोहनकर्त्यानं एका गृहिणीला मागे नेलं. ती आयरिश ढंगात बोलायला लागली. आपण ब्रायडी मर्फी, जन्म १७९८, कॉर्क, असं सांगू लागली. १९५६ साली त्यावर पुस्तक आलं आणि ते धडाधड खपलं. मग पत्रकार शोधाला लागले. आयर्लंडमध्ये अशा बाईची नोंद सापडली नाही. शिकागोत मात्र या गृहिणीच्या लहानपणीच्या घरासमोर एक आयरिश बाई राहत होती असं कळलं, आणि तिचं माहेरचं नाव ब्रायडी मर्फी! लहानपणी कानावर पडलेलं मनात कुठेतरी साठतं आणि ते कुठून आलं तेवढंच आपण विसरतो.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ निकोलस स्पानोस यांनी तर प्रयोगच केले. काही लोकांना सत्राच्या आधी सांगितलं की पूर्वीच्या काळी मुलांचा फार छळ व्हायचा. त्यांच्या ‘मागच्या जन्मात’ छळ जास्त निघाला. ज्यांना सांगितलं नव्हतं, त्यांच्यात कमी. म्हणजे जाण्याआधी डोक्यात काय भरलंय त्यावर पुढचं ठरतं. वहिनींना सत्राच्या आधी सासूबद्दल काही विचारलं होतं का, एवढं बघा.

वर्षा_धरमपेठ
@मनोविकार_वैद्य आधी एक लांबलचक फॉर्म भरून घेतला होता म्हणे. त्यात ‘घरात कुणाशी पटत नाही’ असा रकाना होता!

भाऊ_महालकर
घ्या. राणी फॉर्मातूनच निघाली.

सुलभाकाकू_प्रतापनगर
मी नाडी पाहिली आहे, आणि इथे नाही, थेट तामिळनाडूत वैदीश्वरन कोईलला जाऊन. यजमान निवृत्त झाले तेव्हा दक्षिणेची यात्रा केली, त्यात.

तिथे बायकांचा डाव्या अंगठ्याचा ठसा घेतात, पुरुषांचा उजव्या. त्यावरून ताडपत्राची जुडी शोधतात. मग एकेक पट्टी वाचत विचारत जातात. वडिलांचं नाव ‘र’वरून आहे का? नाही. दोन भाऊ आहेत का? नाही. आईचं नाव देवीचं आहे का? हो. असं करत करत एका पट्टीवर येऊन थांबले आणि वडिलांचं, आईचं, यजमानांचं नाव वाचून दाखवलं. माझ्या अंगावर काटा आला. यजमान कानात पुटपुटले, ‘अर्धं तूच सांगितलंस.’ ते इरिगेशनमधले इंजिनिअर, त्यांना सगळ्यात गळतीच दिसते.

मागचा जन्म पहिल्या प्रकरणात नसतो. त्यासाठी तेरावं, शांती कांड, वेगळं काढावं लागतं आणि त्याचे वेगळे पैसे. त्यात आलं की मी मागच्या जन्मी श्रीमंत घरातली होते आणि दाराशी आलेल्या एका साधूला उपाशी पाठवलं. म्हणून या जन्मी संततीला उशीर. उपाय म्हणून काही देवळं, दिवे, अन्नदान. आम्ही तेवढं केलं. माझा मुलगा तोवर कॉलेजात होता, ही गोष्ट वेगळी.

पण खरं सांगू? त्या दिवसापासून दारावर आलेल्याला मी रिकामं पाठवत नाही.

पोह्यावर_तर्री
काकू, पत्ता टाका ना. साधू नाही, पण उपाशी आहे.

सुलभाकाकू_प्रतापनगर
ये की. पण तर्री मिळणार नाही, आमच्याकडे गोडं वरण असतं.

निवृत्त_ग्रंथपाल
इतके प्रतिसाद झाले आणि नागपूरकर असून कुणी शारदेचं नाव काढलं नाही, याचं आश्चर्य वाटलं. पुनर्जन्माच्या जगभरच्या चर्चेत आपल्या गावाचं नाव ज्या प्रकरणामुळे येतं, ते हेच.

१९७४ ची गोष्ट. नागपूर विद्यापीठात शिकवणाऱ्या एक अविवाहित बाई, वय तिशीच्या थोडं पुढे, घर मराठी. प्रकृतीसाठी एका आश्रमवजा दवाखान्यात होत्या, तिथे ध्यानही करत. एक दिवस त्या बंगालीत बोलू लागल्या. साडी बंगाली पद्धतीनं नेसू लागल्या, स्वतःच्या आईवडिलांना ओळखेनात. नाव सांगितलं शारदा. आपण बंगालमधल्या ब्राह्मण घरातल्या, पायाच्या बोटाला साप चावला, असं म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यातला काळ १८३० च्या आतला होता, आगगाडी वगैरे त्यांना ठाऊक नव्हती. ही शारदा काही दिवस राहायची आणि जायची. पुन्हा बाई नेहमीसारख्या मराठी. मधलं काही आठवत नसे. हे वर्षानुवर्षं चालू राहिलं.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ इयन स्टीव्हन्सन आणि बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सतवंत पसरिचा यांनी अभ्यास केला, बंगाली जाणकारांना बोलावून शारदेशी गप्पा मारायला लावल्या. तिनं सांगितलेल्या नातेवाइकांची नावं बंगालमधल्या एका घराण्याच्या वंशावळीशी जुळली. स्टीव्हन्सननी १९८४ च्या आपल्या पुस्तकात हे सगळं सविस्तर दिलं आहे. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो. ते पुस्तक मागायला येणाऱ्यांमध्ये सायन्सचे प्राध्यापक जास्त असत, आणि मागताना आवाज खाली करत.

त्या बाईंनी कुणाकडे जाऊन ‘मला मागचा जन्म दाखवा’ असं म्हटलं नव्हतं. फॉर्म नाही, फी नाही. डॉक्टरसाहेब, शारदेचं काय करता?

मनोविकार_वैद्य
@निवृत्त_ग्रंथपाल तुम्ही विचारणार हे माहीत होतं. :)

एका शरीरात दोन व्यक्तिमत्त्वं आलटून पालटून येणं, एकीला दुसरीचं न आठवणं, हे आमच्या शास्त्रात नोंदलेलं आहे. अंगात येणं आपण लहानपणापासून बघतो, त्यातही बाईचा आवाज, बोली, ऐट सगळं बदलतं. तिढा फक्त भाषेचा आहे. पण स्टीव्हन्सननीच लिहिलंय की त्या बाईंनी तरुणपणी थोडी बंगाली अक्षरओळख करून घेतली होती. त्या पिढीच्या मराठी घरांत मामा वरेरकरांनी केलेली बंगाली कादंबरीकार शरदबाबूंची भाषांतरं घरोघरी होती. आणि नागपूर म्हणजे बंगाल-नागपूर रेल्वेचं गाव. धंतोलीत बंगाली दुर्गापूजा होते, बंगाली शेजारी नाही असा मोहल्ला मिळणं कठीण. सारा थॉमसन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी स्टीव्हन्सनच्या अशा भाषिक पुराव्यांवर बरीच टीका केली आहे.

निवृत्त_ग्रंथपाल
अक्षरओळख वेगळी आणि तासन्‌तास बंगाल्यांशी बंगालीत बोलणं वेगळं. मी चाळीस वर्षं नागपुरात तेलुगू शेजाऱ्यांजवळ राहतो, मला ‘बागुन्नारा’च्या (बरे आहात ना) पुढे येत नाही.

मनोविकार_वैद्य
मान्य. ते प्रकरण माझ्याकडून पूर्ण सुटत नाही. पण ‘मला सुटत नाही’ इथून ‘म्हणून पुनर्जन्म’ इथवर उडी मी मारत नाही. स्टीव्हन्सनही मारत नसत. १९६६ च्या त्यांच्या पहिल्या गाजलेल्या पुस्तकात त्यांनी वीस प्रकरणं पुनर्जन्म ‘सुचवणारी’ आहेत एवढंच म्हटलं, सिद्ध करणारी म्हटलं नाही. आणि वर्षाताई, तुमच्यासाठी महत्त्वाचं: संमोहनानं मागचा जन्म काढण्यावर खुद्द स्टीव्हन्सन यांचाही विश्वास नव्हता.

मिष्टी_अजनी
आमी नागपुरेर बाङाली. आजोबा रेल्वेत होते, मी इथेच वाढले, मराठी माध्यमात शिकले. मला आजीनं अंगाई म्हटलेली आहे: ‘खोका घुमालो, पाडा जुडालो, बोर्गी एलो देशे’. बाळ झोपलं, आळी शांत झाली, बर्गी आले देशात. बर्गी म्हणजे कोण? तुमचे भोसल्यांचे घोडेस्वार! १७४० च्या दशकात वर्षामागून वर्षं बंगाल लुटून गेले. शेवटी १७५१ मध्ये बंगालच्या नवाबानं, अलीवर्दी खानानं, ओडिशा आणि वर्षाला बारा लाख चौथ कबूल केली तेव्हा थांबले.

तेव्हा शारदेला नागपुरातच जन्म घ्यायला कुणी पाठवलं, याचा जरा विचार करा. हिशेब चुकता करायला आली असेल.

भाऊ_महालकर
@मिष्टी_अजनी ताई, आमच्या पूर्वजांच्या वतीनं माफी. रसगुल्ले घेऊन या, आम्ही संत्रा बर्फी देतो, तह करून टाकू.

तथागत_इंदोरा
हसण्याचा विषय चालू आहे म्हणून आधी लिहिलं नाही. पण ‘मागचा जन्म’ हे शब्द सगळ्यांच्या घरात सारखे आले नाहीत.

माझ्या आजीला गावात सांगायचे, मागच्या जन्मी पाप केलंस म्हणून या घरात जन्माला आलीस. विहिरीवर पाणी मिळत नव्हतं त्याचं कारण मागचा जन्म. मजुरी अर्धी मिळायची त्याचं कारणही मागचा जन्म. ज्याला पाणी द्यायचं नव्हतं, त्याचा या जन्मीचा दोष कुणी काढत नव्हतं. काकूंच्या नाडीतल्या साधूची गोष्ट गोड आहे. आमच्याकडे तोच हिशेब वेगळ्या भाषेत यायचा.

१४ ऑक्टोबर १९५६ ला आजी दीक्षाभूमीच्या गर्दीत होती. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये आपला नवा जन्म होत आहे असं मानण्याचीही एक आहे. आजी त्यानंतर वय विचारलं की तिथूनच मोजायची. मी शाळेत असताना ती मला म्हणायची, ‘मी तुझ्या बापाच्या बरोबरीची आहे.’ आमच्या घरात मागचा जन्म शोधायची गरज कुणाला पडली नाही. तो होता, आणि त्यातून बाहेर पडलो.

योगेश्वरी
@तथागत_इंदोरा दादा, तुमचं पटलं. पण बुद्धांनाही पूर्वजन्म आठवले असं बौद्ध ग्रंथांतच आहे ना? जातककथा तर त्यावरच उभ्या आहेत, पाचशेच्या वर आहेत.

तथागत_इंदोरा
आहेत. पण तिथे आत्मा नाही. एका देहातून दुसऱ्यात जाणारं कुणी नाही, मग ‘मी कोण होतो’ हा प्रश्नच लंगडा पडतो. मिलिंद राजाला भिक्खू नागसेनानं विचारलं होतं, रात्रभर जळणारा दिवा पहिल्या प्रहरी आणि शेवटच्या प्रहरी तोच असतो का? आणि बाबासाहेबांनी तर आत्म्याचा पुनर्जन्म आणि मागच्या जन्मीचं कर्म या जन्मी भोगणं, दोन्ही साफ नाकारलं.

योगेश्वरी
बरं. मग मी माझ्या बाजूचं लिहिते. वर्षा, तू मार्ग विचारलास, तर पतंजलींनी सांगितलाय. तिसऱ्या पादात: ‘संस्कारसाक्षात्करणात् पूर्वजातिज्ञानम्’. संस्कारांचा साक्षात्कार झाला की पूर्वजन्माचं ज्ञान. आणि दुसऱ्या पादात त्याहून गमतीचं: अपरिग्रह पक्का झाला की जन्म कसा, कुठून हे कळतं. म्हणजे साठवणं सोडा, मग कळेल. इथे लोक उलट करतात, पैसे भरून एक आठवण जास्तीची घेऊन येतात.

आपल्याकडे संत बहिणाबाईंनी स्वतःचे मागचे बारा जन्म अभंगांतून सांगितले आहेत, हा तेरावा म्हणून. तुकोबांच्या शिष्या, १७०० साली गेल्या, शेवटच्या दिवसांत मुलाला हे सांगितलं. त्यात कुठे राणीपद मिरवलेलं नाही.

पोह्यावर_तर्री
साठवणं सोडा म्हणजे काय काय? फ्रीजमधलं सावजी पण?

वकील_सिव्हिल_लाइन्स
कायद्याचा एक मुद्दा, कुणाला माहीत नसतो. जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर २०१३ मध्ये आपल्या नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात मंजूर झाला. त्या वर्षी २० ऑगस्टला डॉ. दाभोलकरांचा खून झाला होता. त्याच्या अनुसूचीत मागच्या जन्माचा स्पष्ट उल्लेख आहे. ‘तू मागच्या जन्मी माझी बायको, नवरा किंवा प्रेयसी होतीस’ असं भासवून कुणी लैंगिक संबंध ठेवले तर गुन्हा. सहा महिने ते सात वर्षं कैद, वर पाच ते पन्नास हजार दंड.

राणी आणि दासी दाखवणं यात बसत नाही. पण एकटीनं, बंद खोलीत, डोळे मिटून पडायचं असेल तर घरातलं कुणीतरी बाहेर बसलेलं असावं. आणि पावती मागा. पावती म्हटल्यावर बरेच जन्म आपोआप संपतात.

चिनूची_आई
मी बरेच दिवस इथे नुसती वाचत असते. आज लिहिते. माझा मुलगा तीन वर्षांचा आहे. मधूनमधून म्हणतो, ‘माझ्या दुसऱ्या घरी म्हैस होती, तू तिथे नव्हतीस.’ आमच्या फ्लॅटच्या आसपास म्हैस नाही. सासूबाई घाबरल्या आहेत, दृष्ट काढतात. नवरा म्हणतो टीव्ही. मी काय करू?

निवृत्त_ग्रंथपाल
@चिनूची_आई ताई, घाबरू नका. स्टीव्हन्सन २००७ मध्ये गेले तोवर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जगभरातून अडीच हजारांच्या आसपास मुलांच्या नोंदी गोळा केल्या होत्या. बहुतेक मुलं दोन-चार वर्षांची असताना बोलू लागतात आणि शाळेत जायच्या वयात हळूहळू विसरतात. वहीत तारीख टाकून त्याचेच शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. ‘घर कुठे होतं, नाव काय होतं’ असं खोदून विचारू नका. आपण विचारलं की मुलं उत्तर तयार करतात. अशा बहुतेक प्रकरणांची अडचणच ही, की दोन घरांची गाठ पडल्यावर मग लिहिलं जातं. कोण आधी काय म्हणालं ते कुणाला सांगता येत नाही.

दिल्लीच्या शांतिदेवीचं प्रकरण असंच गाजलं. मथुरेचं घर, नवरा सांगायची. १९३५ साली समितीच तिला मथुरेला घेऊन गेली. गावभर गर्दी. पोरीचं बालपण त्यातच गेलं. पुढे तिनं लग्न केलं नाही.

मनोविकार_वैद्य
इथे माझं आणि ग्रंथपालांचं एकमत, लिहून ठेवा. या वयात मुलं खरं, ऐकलेलं आणि कल्पलेलं वेगळं ठेवत नाहीत. झोप, खाणं, खेळणं नीट आहे ना? मग काही करू नका. सासूबाईंना दृष्ट काढू द्या, पण त्याच्यासमोर रडू देऊ नका.

चिनूची_आई
खाणं म्हणाल तर दूध पीत नाही.

भाऊ_महालकर
मंग म्हशीचं घर त्याचं नाही. केस बंद.

पूर्वीची_दासी
नमस्कार. मी ती वहिनी. वर्षानं लिंक पाठवली नाही, माझ्या बँकेतल्या मैत्रिणीनं पाठवली. नागपूर लहान आहे हो.

सगळं वाचलं. फॉर्मचा मुद्दा माझ्या आधी लक्षात आला नव्हता असं नाही, मी रोज कर्जाचे फॉर्म तपासते. वाडा खरा होता की माझ्या डोक्यातला, यानं मला फारसा फरक पडत नाही. पण वर्षा, तू एक गोष्ट लिहिली नाहीस. मला तिथे राणीही थकलेली दिसली होती. रात्री एकटीच दिवाणखान्यात बसलेली, आणि मला झोप आली होती तरी तिनं उठ म्हटलं नाही. घरी आल्यावर मी आईंना पहिल्यांदा विचारलं की लग्नाच्या आधी तुम्ही काय करायच्या. त्या शिवणकाम शिकवायच्या म्हणे, सक्करदऱ्याला. घरात कुणाला माहीत होतं?

पाठ अजून दुखते. पावती मिळाली आहे, वकीलसाहेब.

वर्षा_धरमपेठ
वहिनी!! सक्करदऱ्याचं मला पण माहीत नव्हतं. घरी बोलू. आणि चहावरून हसणं तेवढं बंद कर, आईला वाटतं तिच्या साडीला काही लागलंय.

मनोविकार_वैद्य
@पूर्वीची_दासी पाठीसाठी फिजिओथेरपी झाली आहे का? बँकेतली खुर्ची कशी आहे? तासनतास बसून काम असेल तर एमआरआय स्वच्छ येऊनही दुखतं. हे आधी बघा.

पूर्वीची_दासी
खुर्ची या जन्मीचीच आहे, पण अवस्था बघून वाटत नाही. फिजिओचं नाव निरोपात पाठवा, डॉक्टर.

मिष्टी_अजनी
सुलभाकाकू, आम्ही दिवाळीत चेन्नईला जाणार आहोत. वैदीश्वरन कोईलला कसं जायचं? आई मागे लागली आहे, तिला बघायचंय की ती बर्गी तर नव्हती.

सुलभाकाकू_प्रतापनगर
तामिळनाडू एक्स्प्रेसनं चेन्नई गाठा, पुढे मयिलादुतुराईच्या बाजूची गाडी. चिदंबरम वाटेत पडतं, नटराजाचं देऊळ चुकवू नका. नाडीवाल्यांचे एजंट स्टेशनापासूनच मागे लागतात, त्यांच्याशी बोलू नका, आईवडिलांची नावं तर मुळीच सांगू नका. आणि दिवाळीत तिकडे पाऊस असतो, छत्री ठेवा.